वही आमची, नावे त्यांची

गेल्या वर्षीच्या वर्षावासातील एका रविवारची गोष्ट आहे. विहारात वंदना झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले आणि उपासक-उपासिका आपापल्या घरी निघाले. आम्ही मागे राहून सतरंज्या गुंडाळीत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक तरुण उपासिका परत आली. "जयभीम दादा," एवढे म्हणून ती दाराशीच उभी राहिली. आम्हाला वाटले, कुठल्या तरी नोकरभरतीची चौकशी असेल. परंतु तिने खालच्या आवाजात विचारले, "दादा, माझा नंबर आणि मावशीचा पत्ता त्या लोकांना कुणी दिला?"

'त्या लोकांना' म्हणजे तिच्या सासरच्यांना. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ही मुलगी घर सोडून आली होती. मावशीकडे राहत होती. नोकरी धरली होती, जुना नंबर टाकून नवा घेतला होता. तो नंबर मावशीला, नोकरीच्या ठिकाणी आणि आम्हाला, अशा तीनच ठिकाणी ठाऊक होता. आम्हाला अशासाठी, की आमचे मंडळ नोकरीच्या जाहिराती आणि शिष्यवृत्तीच्या सूचना मुलामुलींना कळवते. त्यासाठी विहारात एक वही ठेवलेली असे. त्या वहीत तिने स्वतःच्या हाताने नाव, नंबर आणि पत्ता लिहिला होता. (हे सारे छापण्यापूर्वी आम्ही तिला विचारले आहे, आणि तिची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

झाले होते ते असे. त्या वर्षी आम्ही मंडळाच्या साऱ्या वह्या संगणकावर चढवल्या. नोकरीची वही, वधू-वर सूचक वही, रक्तदात्यांची वही, धम्मदान देणाऱ्यांची वही, मिळून सहाशेच्या वर नावे. रात्री जेवण आटोपून दोन-दोन तास बसत होतो, महिनाभर. सगळा तक्ता तयार करून क्लाऊडवर ठेवला आणि त्याची लिंक कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ज्याच्याकडे लिंक असेल त्याला तक्ता उघडता येईल, अशी सोय ठेवली. कार्यकर्त्यांनी अभिनंदन केले, आम्हीही मनातून सुखावलो. पुढे एका कार्यकर्त्याने गावाकडच्या भाच्यासाठी स्थळ पाहावे म्हणून ती लिंक आपल्या मेहुण्याला पाठवली. मेहुण्याने आणखी कुणाला पाठवली. त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. परंतु दोन महिन्यांनी तो नवरा संध्याकाळच्या वेळी मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलेला दिसला, तो सलग दोन दिवस.

पुढे काही विपरीत घडले नाही. नशीब म्हणावे तर ते आमच्या विचारात बसत नाही. मावशी खंबीर होती आणि गल्लीतल्या बाया एकत्र येऊन त्याला सामोऱ्या गेल्या, म्हणून घडले नाही. परंतु त्या मुलीला पुन्हा नंबर बदलावा लागला आणि मावशीचे घर सोडून दुसरीकडे राहायला जावे लागले.

आम्ही तिला म्हणालो, "ताई, आम्ही कुणाला तुझा नंबर दिलेला नाही." ते एका परीने खरे होते. परंतु घरी येताना ते वाक्य आम्हाला टोचू लागले. नंबर आम्ही दिला नव्हता, आम्ही तो वाटेवर ठेवून दिला होता. तिने एवढेच विचारले होते, "वहीत लिहिला तेव्हा तो सगळ्यांना दिसेल, असं कुणी सांगितलं नव्हतं ना?" त्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला बरे वाटले असते.

वाचकहो, आज हा विषय मांडण्याचे कारण एवढेच, की जी चूक आमच्या हातून झाली ती आपल्या विहाराविहारांत, मंडळामंडळांत आणि घराघरांत रोज होत आहे, आणि ती चूक आहे हेच आपल्याला उमगलेले नाही.

आमच्या आधी विहाराचे काम एक गिरणी कामगार पाहत असत. वस्तीत सर्वजण त्यांना बाबा म्हणत. आता ते कालकथित आहेत. त्यांच्याजवळ एक जाड डायरी होती, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली. तीत साऱ्या वस्तीची नावे, गावे, दुकानदाराकडचे फोन, पुढे मोबाईल नंबर. कुणी येऊन अमक्याचा नंबर द्या म्हटले, तर बाबा डायरी उघडत नसत. "निरोप काय आहे तो सांगा, मी पोचवतो," असे म्हणत. आम्ही तेव्हा तरुण कार्यकर्ते. आम्हाला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटे. एवढासा नंबर द्यायला काय हरकत आहे, असे आम्ही आपसांत बोलत असू.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आमच्या विहारात कमरेएवढे पाणी शिरले. पत्र्याची पेटी पाण्याखाली गेली आणि तिच्यात ती डायरीही. दोन दिवसांनी पेटी उघडली तर शाई सारी पसरलेली. आम्ही म्हणालो, बाबा, उरलेल्या पानांवरून आम्ही नवीन वही उतरवून देतो. त्यांनी मानले नाही. नवी डायरी घेतली आणि घरोघर जाऊन प्रत्येकाला पुन्हा विचारून नंबर लिहून घेतले. तीन महिने लागले. काही लोक म्हणाले, आता आमचा नको. त्यांची नावे बाबांनी लिहिली नाहीत. आम्हाला त्या वेळी त्यातून एकच धडा मिळाला, की कागद भिजतो. बाबांनी घरोघर जाऊन काय विचारले, तो धडा मात्र आम्ही घेतला नाही.

म्हणून पुढे क्लाऊड आला तेव्हा आम्ही तो आनंदाने स्वीकारला. त्याचे उपकारही नाकारण्यात अर्थ नाही. २०२० च्या टाळेबंदीत कुणाच्या घरी धान्य नाही, कुणाला औषध पाहिजे, याच्या याद्या फोनवरून फिरल्या म्हणूनच मदत वेळेवर पोचली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या गर्दीत हरवलेले म्हातारे माणूस शोधायचे तर फोनशिवाय इलाज नाही. तेव्हा यंत्राला शिव्या देण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही.

परंतु क्लाऊड म्हणजे काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. नाव ढगाचे असले तरी तो आकाशात नसतो. तो जमिनीवर असतो. मोठाल्या इमारतींत रात्रंदिवस चालणारे हजारो संगणक, त्यांची मालकी दुसऱ्या कंपनीची, आणि आपल्याला वापरायला दिलेली एक जागा, एवढाच त्याचा अर्थ. आपण नवीन फोन घेतो, गुगलचे किंवा ॲपलचे खाते जोडतो, आणि त्या खात्यात जतन होणारी फोनवही आपोआप तिकडे जाऊन बसते. फोन हरवला तरी नंबर हरवत नाहीत, ते यामुळेच. व्हॉट्सॲपला फोनवही पाहण्याची मुभा दिली की ते वहीतले नंबर आपल्या संगणकांकडे नेऊन ताडून पाहते. त्यात व्हॉट्सॲप न वापरणाऱ्यांचेही नंबर असतात. म्हणजे गावी बसलेल्या ज्या आजीने जन्मात असला फोन हाती धरला नाही, तिचाही नंबर तिच्या नातवंडांमुळे तिकडे पोचलेला असतो. तिला कुणी विचारले?

आमच्या घरी परवा असाच प्रसंग झाला. मुलीने एक नवे ॲप घेतले. त्याने फोनवही वाचण्याची अनुमती मागितली आणि तिने न वाचताच बोट ठेवले. आमची सहचारिणी शेजारी भाजी निवडत होती. ती सहज म्हणाली, "अगं, त्या फोनात माझ्या आईचा नंबर आहे, तुझ्या मैत्रिणींचे आहेत, सरांचा आहे. तू हो म्हणालीस ते कुणाकुणाच्या वतीने?" आम्ही पेपरमधून डोके वर काढले. जे आम्हाला एवढी वर्षे सुचले नाही, ते तिने मेथीची जुडी निवडता निवडता सांगितले होते.

अनुमती आपण देतो आणि माल दुसऱ्याचा जातो, ही यातली मेख आहे. फेसबुकने एप्रिल २०१९ मध्ये कबूल केले, की मे २०१६ पासून सुमारे १५ लाख नव्या वापरकर्त्यांच्या ई-मेलमधील संपर्कांच्या वह्या त्यांनी चढवून घेतल्या होत्या. ते अनवधानाने झाले, असा त्यांचा खुलासा होता. पंधरा लाख माणसांच्या वह्या म्हणजे त्यांत किती माणसे आली असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्या माणसांनी फेसबुकला काहीच दिले नव्हते. त्यांनी आपला पत्ता फक्त मित्राला दिला होता.

आपल्या वस्त्यांतील अनुभव याहून कडू आहे. काही वर्षांपूर्वी मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचा सुळसुळाट झाला होता. आमच्या वस्तीतील एका होतकरू मुलाने आईच्या औषधासाठी पाच हजार रुपये उचलले. हप्ता थकला आणि आम्हाला फोन आला. पलीकडचा माणूस त्या मुलाला चोर, लबाड म्हणत होता आणि आम्ही त्याचे जामीनदार असल्यासारखा आम्हालाही दरडावत होता. आमचा संबंध एवढाच, की आमचा नंबर त्या मुलाच्या फोनमध्ये होता. तसाच फोन त्याच्या शाळेच्या बाईंना गेला आणि ज्या घरी त्याच्या बहिणीचे लग्न ठरत होते, त्या घरीही गेला. देशभर असे प्रकार इतके वाढले, की रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी सूचना काढून कर्ज देणाऱ्या ॲपांनी फोनवही, कॉलची यादी आणि फोटो यांना हात लावू नये, असे बजावले. पुढे गुगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या दुकानातील कर्जाच्या ॲपांना तशी बंदी केली. तोवर पुष्कळांची अब्रू जायची ती गेली होती.

आता आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजाला विशेष लागू आहे. आपण फोनमध्ये नुसता नंबर ठेवत नाही. सोबत शेरा ठेवतो. अमुक बुद्धविहार, तमुक जयभीम, अमुक टीबीवाला, तमुक कोर्टकेस. आपल्या ओळखीसाठी ते सोयीचे असते. परंतु अनोळखी फोन कुणाचा हे सांगणारी जी ॲप आहेत, त्यांपैकी काहींनी ही नावे लोकांच्याच फोनवह्यांतून गोळा केलेली आहेत. आपण खाजगीत लिहिलेला शेरा तिसऱ्याच्या फोनवर झळकू शकतो. आमच्या ओळखीचा एक तरुण भाड्याने घर शोधत होता. घरमालकाला त्याने फोन केला, बोलणी जमली, आगाऊ रक्कम ठरली. दुसऱ्या दिवशी घरमालकाचा सूर बदलला. घर दिले गेले, म्हणाला. त्या तरुणाने मित्राच्या फोनवर आपलाच नंबर पाहिला, तर नावाबरोबर वस्तीचे आणि विहाराचे नाव आले. घरमालकाने ते पाहिले की नाही, हे सिद्ध करता येणार नाही. घर कधी कोणत्या कारणाने नाकारले जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण तो शेरा कुठल्या तरी आपल्याच माणसाच्या फोनमधून आला असणार, हा विचार त्याला जास्त लागला.

यावर कुणी म्हणेल, आपण बौद्ध आहोत हे का लपवायचे? प्रश्न रास्त आहे. आम्ही छातीवर हात ठेवून जयभीम म्हणणारी माणसे आहोत आणि कचेरीतही आमच्या टेबलावर बाबासाहेबांची तसबीर आहे. परंतु आम्ही जयभीम म्हणतो ते आम्ही ठरवून म्हणतो. स्वतः सांगणे वेगळे आणि दुसऱ्याने आपल्या पाठीमागे सांगून टाकणे वेगळे. पहिल्यात स्वाभिमान आहे. दुसऱ्यात आपली निवडच काढून घेतली जाते.

नोंदवहीतले एक नाव माणसाचे काय करू शकते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. अमेरिकेतील शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. ती फक्त पारशांसाठी होती आणि तेथील व्यवस्थापकाला वहीत नोंद करावी लागे. तेव्हा पारशी नाव लावून त्यांनी तेथे मुक्काम केला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव वर चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. परदेशात शिकून आलेल्या त्या विद्वानाला त्या दिवशी शहरातल्या बागेत बसून वेळ काढावा लागला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लहानशा आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. वहीत काय लिहिले आहे आणि ती वही कुणी पाहिली, यावर माणसाच्या डोक्यावरचे छप्पर अवलंबून असते, हे ज्या समाजाने आपल्या बापाच्या अनुभवातून जाणले आहे, त्या समाजाने तरी दुसऱ्याच्या नावाची नोंद हलक्या हाताने करू नये.

याच बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू अवाजवी झडतीपासून सुरक्षित असाव्यात, असा हक्क मांडला होता. राज्यघटनेच्या अंतिम मसुद्यात तो त्या शब्दांत आला नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे आणि तो कलम २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालपत्रात बाबासाहेबांच्या या निवेदनाचीही नोंद घेतली आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे ठरले. एखाद्या व्यक्तीने निव्वळ स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला या कायद्यातून सूट आहे. म्हणजे आपल्या फोनवहीसाठी आपल्याला कुणी पकडणार नाही.

पण मंडळाची यादी घरगुती असते का? येथे एका परदेशातील खटल्याची आठवण होते. स्वीडनमधील एका चर्चमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेविकेने १९९८ साली भाविकांच्या सोयीसाठी इंटरनेटवर एक पान तयार केले. त्यात आपल्या अठरा सहकाऱ्यांची नावे, काहींचे फोन नंबर, त्यांचे छंद, असे हलकेफुलके लिहिले. एका सहकारी बाईच्या पायाला दुखापत झाली असून ती निम्मा वेळच कामावर येते, हेही लिहिले. कुणालाही विचारले नव्हते. सहकाऱ्यांना आवडले नाही हे कळताच तिने ते पान काढूनही टाकले. तरी खटला झाला आणि थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ६ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायालयाने सांगितले, की असंख्य लोकांना पाहता येईल अशा जागी ठेवलेल्या माहितीला घरगुती म्हणता येणार नाही, मग ती धर्मकार्यासाठी ठेवलेली का असेना, आणि पायाच्या दुखापतीचा उल्लेख ही आरोग्याची माहिती आहे. ही हकीकत वाचली तेव्हा आम्हाला ती बाई परकी वाटली नाही. चर्चच्या जागी विहार आणि तिच्या जागी आम्ही, एवढाच काय तो फरक.

तथापि कायदा आपल्याला पकडतो की नाही, हा आमच्यापुढचा मूळ प्रश्न नाही. कायदा येण्याच्या अडीच हजार वर्षे आधी आपल्याला शील मिळालेले आहे. रोज आपण पंचशील घेतो. त्यातील दुसरे शील आपण 'चोरी करणार नाही' एवढ्या अर्थाने घेतो आणि आपण काही चोर नव्हे म्हणून निश्चिंत असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतही ते आहेच. परंतु मूळ पाली शब्द आहे अदिन्नादान. म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. चोरीहून हा अर्थ मोठा आहे. त्या मुलीने आम्हाला नंबर दिला होता, परंतु तो नोकरीची सूचना कळवण्यासाठी दिला होता. त्यापलीकडे जे काही आम्ही त्या नंबराचे केले, ते दिलेले नव्हते. ते आम्ही घेतले.

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. पहिल्याच वर्षी ताळेबंद शिकवतात. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. पतपेढीत सभासदाने ठेव ठेवली की नवख्या मुलाला वाटते, पतपेढीची मालमत्ता वाढली. मास्तर समजावतात, अरे, तिजोरीत पैसे आले हे खरे, पण तेवढीच रक्कम देणी बाजूला लिही. ती ठेवीदाराची आहे. तो मागेल तेव्हा परत करायची आहे. सहाशे नावांचा तक्ता केला तेव्हा आम्ही तो मंडळाची मालमत्ता समजलो. एवढा मोठा संपर्क आमच्याजवळ आहे, असे सभेत सांगितले. प्रत्यक्षात ती सारी सहाशे नावे देणी बाजूची होती. एवढी वर्षे कारकुनी करून ही साधी नोंद आम्ही चुकीच्या बाजूला लिहिली.

त्या रविवारनंतर मंडळाची बैठक बोलावली. आमची चूक आम्ही सर्वांसमोर मांडली आणि राजीनामा पुढे केला. तो कुणी घेतला नाही. "राजीनाम्याने तक्ता मागे येणार आहे का? आधी काम निस्तरा," असे महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, ते योग्यच होते. मग आम्ही पुढीलप्रमाणे ठरवले, आणि इतर विहारांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, तक्त्याची लिंक बंद केली आणि तक्ता फक्त तीन जबाबदार कार्यकर्त्यांना उघडेल असा ठेवला. ज्यांनी आधी तो उतरवून घेतला असेल, त्यांच्याकडे समक्ष जाऊन तो पुसायला लावला. सगळ्यांकडचा पुसला गेला असेल, अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही. बाण एकदा सुटला तो सुटला.

दुसरी, जी वही ज्या कामासाठी, ती त्याच कामासाठी. रक्तदात्याला निवडणुकीचा संदेश जाणार नाही आणि धम्मदान देणाऱ्याला कुणाच्या दुकानाची जाहिरात जाणार नाही. काम संपले की नाव खोडायचे.

तिसरी, जेवढे लागते तेवढेच लिहून घ्यायचे. नोकरीची सूचना द्यायला पत्ता आणि जन्मतारीख कशाला? आम्ही सवयीने विचारत होतो.

चौथी, सर्वांना कळवायच्या सूचनेसाठी गट न करता ब्रॉडकास्ट यादी करायची. गटात एकाचा नंबर साऱ्यांना दिसतो, यादीत तसा दिसत नाही. ज्यांना गट पाहिजे त्यांनी स्वतः सांगून यावे.

पाचवी, कुणी कुणाचा नंबर मागितला तर द्यायचा नाही. निरोप घ्यायचा आणि पोचवायचा. हा नियम लिहिताना बाबांची आठवण होऊन आमचा हात थोडा थांबला.

घरच्या फोनसाठीही दोन गोष्टी आम्ही मुलांना सांगितल्या. ॲप फोनवही मागत असेल तर नाही म्हणावे. पुष्कळदा नाही म्हटले तरी काम चालते, आणि जेथे ठराविकच नावे दाखवण्याची सोय आहे तेथे ती वापरावी. आणि ज्या माणसाचा ठावठिकाणा कळणे त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणजे पळून लग्न केलेले जोडपे, घर सोडून आलेली बाई, साक्षीदार, अशांचा नंबर फोनमध्ये चढवूच नये. तो कागदावर लिहून कपाटात ठेवावा. कागद भिजतो हे खरे, पण तो आपण होऊन कुठे जात नाही.

यानंतर आम्ही सहाशे जणांना पुन्हा विचारायला निघालो. बाबांना तीन महिने लागले होते, आम्हाला पाच लागले. काही जण हसले. एक आजोबा म्हणाले, "आयुष्यभर आमची नावं लिहून घेतली रे लोकांनी, रेशनला, मतदानाला, मोर्चाला. लिहू का असं विचारलं ते त्या म्हाताऱ्यानं, आणि आता तू." चाळीसेक जणांनी नाव काढायला सांगितले. आम्ही काढले. मंडळाचा संपर्क तेवढा कमी झाला. विश्वास किती वाढला ते मोजण्याचे माप आमच्याजवळ नाही.

सर्वांत शेवटी त्या मुलीला विचारायचे राहिले होते. आमचे धाडस होत नव्हते. वर्षावास संपल्यानंतर ती एका रविवारी स्वतःच विहारात आली. नवी वही टेबलावर होती. तिने आधी पहिल्या पानावर लिहिलेला खुलासा सावकाश वाचला, की ही नावे कशासाठी घेतली आहेत आणि कोण पाहणार आहे. मग पेन घेऊन आपले नाव लिहिले. नंबराच्या रकान्यात तिने नंबर लिहिला नाही. तेथे तिने लिहिले, 'निरोप अध्यक्षाबाईंकडे द्यावा.'

आम्ही तो रकाना तसाच ठेवला आहे.

जयभीम!